‘थिंक डिफरंट’ : दोन शब्दांच्या घोषवाक्याचे व्याकरण

२८ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर ॲपल या संगणक कंपनीची एक मिनिटाची जाहिरात पहिल्यांदा दाखवण्यात आली. त्या आर्थिक वर्षात कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला होता, संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह जॉब्ज नुकतेच हंगामी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले होते आणि मिरवावे असे नवे यंत्र कंपनीच्या हाताशी नव्हते. त्यामुळे जाहिरातीत संगणक कुठेच दिसला नाही. आल्बर्ट आइन्स्टाइन, मार्टिन ल्यूथर किंग, पाब्लो पिकासो, अमेलिया इअरहार्ट, महात्मा गांधी अशा व्यक्तींच्या कृष्णधवल चित्रफिती एकामागून एक सरकत गेल्या, अभिनेते रिचर्ड ड्रायफस यांच्या आवाजातील निवेदन संपले आणि पडद्यावर दोनच शब्द उमटले : ‘थिंक डिफरंट’.

लॉस एंजेलिसमधील टीबीडब्ल्यूए चायट डे या जाहिरातसंस्थेने ही मोहीम तयार केली होती, आणि घोषवाक्य सुचवण्याचे श्रेय तेथील कलादिग्दर्शक क्रेग टॅनिमोटो यांना दिले जाते. १९९८ मध्ये जाहिरातीला एमी पुरस्कार मिळाला आणि २००२ पर्यंत हे शब्द कंपनीच्या नावाबरोबर झळकत राहिले. त्यांच्याबरोबर एक आक्षेपही फिरत राहिला. ‘थिंक’ हे क्रियापद आहे आणि ‘डिफरंट’ हे विशेषण आहे. विशेषण नामाबद्दल माहिती सांगते. क्रियापदाबद्दल माहिती सांगायची असेल तर क्रियाविशेषण हवे. म्हणून शुद्ध रूप ‘थिंक डिफरंटली’ असे व्हायला हवे होते. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे हा युक्तिवाद निर्दोष दिसतो, आणि आपल्याकडे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेल्या बहुतेकांना तो तत्काळ पटतो.

आक्षेप बरोबर की चूक एवढेच ठरवायचे असते, तर या प्रकरणाला एक परिच्छेद पुरला असता. परंतु या दोन शब्दांची नीट छाननी करू लागले की इंग्रजी वाक्यरचनेतील एक मूलभूत गोष्ट पुढे येते, जी नियमाच्या त्या सुटसुटीत मांडणीत झाकली जाते. इंग्रजीत क्रियापदाच्या पुढे विशेषण यावे की क्रियाविशेषण, हे शेजारी क्रियापद आहे एवढ्यावरून ठरत नाही. ते क्रियापद आपल्यापुढे कोणत्या प्रकारची जागा मोकळी ठेवते आणि त्या जागेतील शब्द कर्त्याबद्दल, कर्माबद्दल की क्रियेबद्दल बोलतो, यावरून ते ठरते.

कंपनीचे स्वतःचे समर्थन

हा प्रश्न कंपनीच्या आत जाहिरात प्रसारित होण्यापूर्वीच उपस्थित झाला होता. वॉल्टर आयझॅकसन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जॉब्ज यांच्या चरित्रात त्या चर्चेचा वृत्तान्त आहे. जॉब्ज यांचे म्हणणे असे होते की ‘डिफरंट’ हा शब्द त्यांना नामासारखा हवा होता, जसे ‘थिंक व्हिक्टरी’ किंवा ‘थिंक ब्यूटी’. शिवाय ‘थिंक बिग’ या बोलीतील प्रयोगाची छटा त्यात यावी अशीही अपेक्षा होती. ‘थिंक डिफरंटली’ म्हटल्याने आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ साधत नाही, असे त्यांनी नंतर स्पष्ट केले, आणि ते करताना ‘थिंक अ लिटल डिफरंट’, ‘थिंक अ लॉट डिफरंट’ अशी आणखी दोन रूपे उच्चारून दाखवली.

या समर्थनात दोन स्वतंत्र युक्तिवाद एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांचे मोल सारखे नाही. पहिला, म्हणजे नामाचा युक्तिवाद, मला टिकाऊ वाटत नाही. ‘व्हिक्टरी’ आणि ‘ब्यूटी’ ही मुळातच नामे आहेत. ‘डिफरंट’चे नाम हवे असते तर इंग्रजीत ‘डिफरन्स’ हा शब्द तयार होता. ‘द पुअर’, ‘द रिच’ अशा रचनांमध्ये इंग्रजी विशेषणे नामाचे काम करतात हे खरे, पण त्यासाठी ‘द’ हे उपपद लागते आणि अर्थही बहुधा ‘त्या प्रकारची माणसे’ असा होतो. याहून निर्णायक पुरावा जॉब्ज यांच्याच उदाहरणांत आहे. ‘अ लॉट’ हे शब्द नामाला जोडायचे तर मध्ये ‘ऑफ’ हवे. ‘अ लॉट ब्यूटी’ असे कोणी म्हणत नाही. ‘ऑफ’शिवाय ‘अ लॉट डिफरंट’ म्हणता येते ते ‘डिफरंट’ हा शब्द गुणाचे प्रमाण दाखवू शकतो म्हणून, आणि असे कमी-अधिक प्रमाण घेणे हे विशेषणाचे आणि क्रियाविशेषणाचे लक्षण आहे. म्हणजे समर्थनासाठी दिलेल्या उदाहरणानेच नामाचा युक्तिवाद खोडला जातो.

दुसरा युक्तिवाद, ‘थिंक बिग’चा, अधिक भक्कम आहे. मात्र तो तपासण्याआधी इंग्रजी क्रियापदाच्या पुढे कोणकोणत्या जागा असतात ते पाहावे लागेल.

क्रियापदापुढच्या जागा

इंग्रजी वाक्यांचे साचे किती, याबद्दल व्याकरणकारांत एकमत नाही आणि ते असण्याची गरजही नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ मध्ये शिकणाऱ्यांसाठी क्रियापदांचे २५ साचे मांडले. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या बृहद् व्याकरणात उपवाक्यांचे सात मूलभूत प्रकार मानले. आपल्या प्रकरणाला त्यांपैकी काही थोडेच लागतात.

‘बर्ड्स सिंग’ या वाक्यात क्रियापद कर्त्यावर थांबते आणि त्याला पुढे काहीच लागत नाही. तेथे ‘स्वीटली’ हा शब्द जोडला तर तो गाण्याची रीत सांगतो. काढून टाकला तरी वाक्य उभे राहते. ‘द रोझेस स्मेल’ हे वाक्य मात्र अर्धवट वाटते, कारण येथे ‘स्मेल’ या क्रियापदाने कर्त्याचे वर्णन करणाऱ्या शब्दासाठी जागा राखलेली आहे, आणि ती ‘स्वीट’ या विशेषणानेच भरते. गोडपणा गुलाबांचा आहे. वास येण्याच्या क्रियेचा नाही. मराठी व्याकरणात अशा शब्दाला विधिविशेषण म्हणतात. ‘बी’, ‘सीम’, ‘बिकम’, ‘लुक’, ‘फील’, ‘टेस्ट’, ‘साउंड’, ‘टर्न’, ‘स्टे’ ही अशी जोडणारी क्रियापदे आहेत, आणि त्यांच्यापैकी बरीच दुहेरी वागतात. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली, तर ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ म्हणजे तिने त्याच्याकडे रागाने पाहिले. क्रियापदाचे रूप दोन्हीकडे एकच आहे, पण पहिल्या वाक्यात ती दिसते आणि दुसऱ्यात ती पाहते.

कर्म असलेल्या वाक्यांतही अशीच दुहेरी शक्यता असते. ‘आय फाउंड द बुक ईझिली’ म्हणजे मला पुस्तक सहज सापडले, आणि ‘आय फाउंड द बुक ईझी’ म्हणजे मला पुस्तक सोपे वाटले. दुसऱ्या वाक्यात ‘ईझी’ हे कर्माचे पूरक, म्हणजे कर्माचे वर्णन पूर्ण करणारा शब्द, आहे, म्हणून तेथे विशेषण आले. ‘पेंट द वॉल व्हाइट’मध्ये ‘व्हाइट’ हा रंगवण्याचा परिणाम आहे आणि तो भिंतीवर दिसतो. ‘पेंट द वॉल केअरफुली’मध्ये काळजी रंगवणाऱ्याच्या हाताची आहे. ‘दे अराइव्ह्ड टायर्ड’ या वाक्यात तर ‘अराइव्ह’ हे क्रियापद जोडणाऱ्यांपैकी नाही, तरीही विशेषण येते, कारण ‘टायर्ड’ हा शब्द येणाऱ्यांची स्थिती सांगतो, येण्याची पद्धत सांगत नाही.

एवढ्या उदाहरणांनंतर आक्षेपाच्या मुळाशी असलेला नियम कुठे कच्चा आहे ते दिसते. क्रियापदाशेजारच्या शब्दाचे रूप क्रियाविशेषणाचेच हवे, असे इंग्रजी कधीच म्हणत नाही. नियमाची भीती बसलेले लोक ‘आय फील बॅड’ हे बिनचूक वाक्य सोडून ‘आय फील बॅडली’ म्हणू लागतात, त्यात इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही येतात, आणि नियमाची अर्धी ओळख भाषेला किती त्रास देऊ शकते याचा तो चांगला नमुना आहे.

‘ली’ नसलेली क्रियाविशेषणे

येथे आक्षेप घेणारा म्हणू शकेल की ‘थिंक’ हे ‘स्मेल’ किंवा ‘लुक’सारखे जोडणारे क्रियापद नाही, आणि ते खरेच आहे. ‘थिंक’नंतर ‘डिफरंट’ आल्याने विचार करणारी माणसे वेगळी ठरत नाहीत. तेव्हा दुसरी शक्यता तपासायला हवी, ती म्हणजे ‘डिफरंट’ हेच येथे प्रत्यय न लागलेले क्रियाविशेषण असावे. इंग्रजीत अशी क्रियाविशेषणे भरपूर आहेत : ‘रन फास्ट’, ‘वर्क हार्ड’, ‘स्टे लेट’, ‘गो स्लो’. घाटरस्त्यावरच्या फलकांमुळे शेवटचे आपल्याला चांगले परिचयाचे आहे, आणि कामगारांच्या संथ काम करण्याच्या आंदोलनालाही मराठी वृत्तपत्रे ‘गो स्लो’ असेच म्हणत आली आहेत.

ही रूपे आळसाने किंवा अज्ञानाने तयार झालेली नाहीत. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ हा स्वर जोडून क्रियाविशेषण करता येत असे. ‘हार्ड’चे तेव्हाचे रूप आणि त्यापासून झालेले क्रियाविशेषण यांत एवढ्या एका स्वराचा फरक होता. मध्ययुगाच्या उत्तरार्धात शेवटचे हे स्वर उच्चारातून झडले आणि विशेषण व क्रियाविशेषण कानाला सारखेच ऐकू येऊ लागले. दुसरीकडे ‘रूप, देह’ अशा अर्थाच्या शब्दापासून आलेला आणि आज ‘ली’ म्हणून उरलेला प्रत्यय क्रियाविशेषणाची स्पष्ट खूण म्हणून पसरत गेला. दोन्ही प्रकार शतकानुशतके शेजारी नांदले. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये गवताळ उंचवट्यावर चांदणे ‘स्वीट’ झोपते, ‘स्वीटली’ नाही, आणि त्या काळच्या कोणाला त्यात खटकण्यासारखे काही वाटले नसावे.

अठराव्या शतकात व्याकरणकारांनी ही मोकळीक आवळायला सुरुवात केली. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ मध्ये छोटेखानी इंग्रजी व्याकरण लिहिले आणि त्यात विशेषणांचा क्रियाविशेषणासारखा वापर अनुचित ठरवला. दोषाची उदाहरणे म्हणून त्यांनी ड्रायडन आणि स्विफ्ट यांच्यासारख्या नामवंतांच्या गद्यातील ‘एक्स्ट्रीम’ या शब्दाचे प्रयोग निवडले. ज्यांचे गद्य आदर्श मानले जात होते, त्यांनाच चुकीचे उदाहरण करणारा हा नियम पुढे शाळांमध्ये रुजला आणि ब्रिटिश अमलात शिक्षणखात्याबरोबर हिंदुस्थानातही आला. १९९७ च्या आक्षेपामागे हीच परंपरा उभी आहे.

तरीही ‘डिफरंट’ला केवळ ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ यांच्या रांगेत बसवून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. ‘फास्ट’ला ‘फास्टली’ असा पर्यायच नाही. ‘स्लो’ला ‘स्लोली’ आहे, पण ‘ड्राइव्ह स्लो’ आणि ‘ड्राइव्ह स्लोली’ यांच्या अर्थात फरक नाही, फरक केवळ औपचारिकतेचा आहे. ‘थिंक डिफरंट’ आणि ‘थिंक डिफरंटली’ यांच्या अर्थात मात्र फरक जाणवतो, आणि जॉब्ज यांचा आग्रहही त्याच फरकासाठी होता.

‘थिंक स्मॉल’पासूनची वाट

इंग्रजीत क्रियापद आणि विशेषण यांच्या जोडीने बनणारे एक छोटे कुटुंब आहे : ‘थिंक बिग’, ‘ड्रीम बिग’, ‘थिंक पॉझिटिव्ह’, ‘प्ले सेफ’, ‘प्ले फेअर’, ‘बाय ब्रिटिश’. जाहिरातीच्या इतिहासात त्यातील सर्वांत गाजलेला सदस्य १९५९ चा आहे. मोठ्या मोटारींच्या अमेरिकेत फोक्सवॅगनची लहानशी बीटल गाडी विकण्यासाठी डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने ‘थिंक स्मॉल’ असे शीर्षक दिले आणि कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात गाडीचे इवलेसे चित्र छापले. ‘थिंक स्मॉल’विरुद्ध ‘थिंक डिफरंट’एवढी तक्रार ऐकू आली नाही, याचे कारण सरळ आहे : ‘स्मॉल’पासून वापरात असलेले ‘ली’चे क्रियाविशेषण नाही, त्यामुळे ‘हे चुकीचे, ते बरोबर’ असे म्हणायला हाताशी पर्यायच नव्हता. ‘डिफरंट’च्या शेजारी ‘डिफरंटली’ हा जिवंत शब्द उभा असल्याने तुलना झाली आणि खटका उडाला. रचना तीच, फरक होता तो शब्दसंग्रहातील एका जोडीदार शब्दाचा.

‘थिंक स्मॉल’मध्ये ‘स्मॉल’ काय सांगतो? विचार करण्याची क्रिया लहान आकाराची असावी, असा त्याचा अर्थ नाही. विचाराचा विषय लहान असावा, लहान गोष्टी मनात आणाव्यात, असा तो आहे. ‘बाय ब्रिटिश’मध्येही खरेदी ब्रिटिश पद्धतीने करायची नसून खरेदीची वस्तू ब्रिटिश हवी असते. म्हणजे या कुटुंबात विशेषण अशा एका कर्माचे वर्णन करते, जे वाक्यात उच्चारलेले नाही. ‘थिंक बिग थॉट्स’मधील ‘थॉट्स’ गळाले आणि त्याचे विशेषण जागेवर राहिले, अशी कल्पना केली तर अर्थ नीट लागतो. इतिहासात प्रत्येक प्रयोग असाच घडला असा माझा दावा नाही, पण आजच्या वाचकाच्या मनात तो याच रीतीने उलगडतो.

या दृष्टीने पाहता ‘थिंक डिफरंट’ म्हणजे वेगळे काहीतरी मनात आणा, आणि ‘थिंक डिफरंटली’ म्हणजे विचार करण्याची तुमची पद्धत बदला. पहिल्यात आशयाकडे बोट आहे, दुसऱ्यात प्रक्रियेकडे. जॉब्ज यांनी त्या जागेवर नाम असल्याचे सांगितले ते शब्दजातीच्या दृष्टीने चुकीचे होते, परंतु ती जागा कर्माच्या बाजूची आहे, रीतीच्या बाजूची नाही, हे त्यांच्या कानाने अचूक ओळखले होते.

जागेचा आणखी एक पुरावा देता येतो. ‘ली’ची रीतिवाचक क्रियाविशेषणे फिरती असतात, ‘ही ड्रोव्ह स्लोली’ आणि ‘ही स्लोली ड्रोव्ह’ दोन्ही चालतात. प्रत्यय नसलेली रूपे मात्र क्रियापदाच्या उजवीकडेच राहतात; ‘ही स्लो ड्रोव्ह’ असे इंग्रजीत होत नाही, आणि ‘बिग थिंक’ हे ‘थिंक बिग’चे दुसरे रूप होऊ शकत नाही. कर्म आणि पूरक ज्या ठिकाणी बसतात, तेथेच ही रूपे बसतात.

जाहिरातीच्या संहितेतील साक्ष

घोषवाक्य लिहिणाऱ्यांना क्रियाविशेषण ठाऊक नव्हते, असा समज असेल तर तो जाहिरातीच्या निवेदनाने दूर होतो. त्याच एका मिनिटात या अवलियांचे वर्णन ‘द वन्स हू सी थिंग्ज डिफरंटली’ असे येते. येथे ‘डिफरंटली’ आहे आणि तेच हवे, कारण ‘सी’ या क्रियापदाला ‘थिंग्ज’ हे उघड कर्म मिळालेले आहे. कर्माची जागा भरल्यावर पुढे ‘डिफरंट’ ठेवले असते तर ते ‘थिंग्ज’चे पूरक होऊ पाहिले असते, जणू वस्तूच वेगळ्या होत्या, येथे वस्तू सर्वांना दिसतात त्याच आहेत, वेगळी आहे ती नजर. क्रियाविशेषणाचे स्थानही पाहण्याजोगे आहे. इंग्रजी क्रियापद आणि त्याचे छोटेसे कर्म यांच्यामध्ये सहसा दुसऱ्या शब्दाला शिरू देत नाही, म्हणून ‘सी डिफरंटली थिंग्ज’ असे होत नाही. मराठीत क्रियापद शेवटी असल्याने रीतिवाचक शब्द त्याच्या अगदी लगत, कर्मानंतर येतो : ‘ते गोष्टी वेगळ्या नजरेने पाहतात’. दोन्ही भाषांत कर्म आधी आणि रीत नंतर हा क्रम योगायोगाने जुळतो, बदलते ते क्रियापदाचे ठिकाण.

थोडे पुढे ‘सम मे सी देम ॲज द क्रेझी वन्स’ असे येते. तेच ‘सी’ क्रियापद आता कर्माला ओळख चिकटवते, आणि त्यासाठी त्याला ‘ॲज’ची मदत लागते, ‘कन्सिडर’ किंवा ‘कॉल’ या क्रियापदांना ती लागत नाही. ‘दे पुश द ह्यूमन रेस फॉरवर्ड’मध्ये ‘फॉरवर्ड’ हे दिशादर्शक क्रियाविशेषण आहे, पण ते सजावटीसाठी जोडलेले नाही. ते काढले तर ‘मानवजातीला ढकलतात’ असा भलताच अर्थ उरतो. क्रियाविशेषण वाक्यातून नेहमीच गाळता येते, हा शाळेतील दुसरा एक समज येथे कोसळतो. आणि शेवटच्या वाक्यातील ‘क्रेझी इनफ टू थिंक’मध्ये ‘इनफ’ हे प्रमाणवाचक क्रियाविशेषण ‘व्हेरी’ किंवा ‘जरुरीपेक्षा जास्त’ अशा अर्थाच्या ‘टू’प्रमाणे विशेषणाच्या आधी न येता त्याच्या मागे येते आणि पुढच्या ‘टू थिंक’साठी दार उघडते. त्या वाक्यातील ‘थिंक’नंतर ‘दे कॅन चेंज द वर्ल्ड’ असे पूर्ण उपवाक्य येते. घोषवाक्यात ज्या जागी ‘डिफरंट’ बसला आहे, तीच ही आशयाची जागा आहे.

मराठी कानाला हे का खटकत नाही

घोषवाक्याचे सहज मराठी रूप ‘वेगळा विचार करा’ असे होते, आणि त्यात वाद घालण्यासारखे काहीच सापडत नाही. ‘थिंक’साठी मराठीत ‘विचार करणे’ ही नाम आणि क्रियापद यांची जोडी आहे. नाम उघड असल्याने त्याला विशेषण लागणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत जे कर्म लपलेले आहे असे आपण वर मानले, ते मराठीत सर्वांसमोर बसलेले आहे. ‘थिंक डिफरंटली’चा अर्थ हवा असेल तर ‘वेगळ्या पद्धतीने विचार करा’ म्हणता येते, आणि तो फरक कोणालाही कळतो. ‘थिंक पॉझिटिव्ह’साठी भिंतीभिंतींवर लिहिलेले ‘सकारात्मक विचार करा’ हेही याच घडणीचे आहे.

पण मराठीची हीच सोय इंग्रजी लिहिताना अडचणीची ठरते. आपली बदलणारी विशेषणे क्रियापदाबद्दल बोलतानाही लिंग-वचनाप्रमाणे बदलतात. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ती गाणे चांगले गाते’ : तिन्ही वाक्यांत चांगलेपणा गाण्याच्या क्रियेचा आहे, पण शब्दाचे रूप कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे बदलते. मराठी व्याकरणाने याची दखल घेतलेली आहे. न बदलणाऱ्या शब्दांना क्रियाविशेषण अव्यय म्हणायचे आणि ‘चांगला’सारख्या बदलणाऱ्या शब्दांना अव्यय न म्हणता नुसते क्रियाविशेषण म्हणायचे, असा भेद त्यासाठीच केला जातो. ‘तिने पत्र चांगले लिहिले’ या वाक्यात पत्र चांगले उतरले की लिहिण्याचे काम चांगले झाले, हे मराठीला वेगळे करावेच लागत नाही. इंग्रजीला ते करावे लागते, आणि म्हणून मराठी माध्यमातील विद्यार्थी ‘ही सिंग्ज गुड’ लिहितो. त्याच्या मनात ‘चांगला’ हा शब्द ‘तो’ या कर्त्याशी जुळलेला असतो, आणि कर्त्याशी जुळणारा शब्द विशेषण असणार हे त्याचे गृहीतक त्याच्या भाषेपुरते अगदी तर्कशुद्ध आहे.

जेथे मराठीही इंग्रजीसारखा भेद करते, तेथे विद्यार्थी क्वचितच चुकतो. ‘पांढरी भिंत रंगवली’ आणि ‘भिंत पांढरी रंगवली’ यांतील फरक त्याला कोणी शिकवावा लागत नाही, आणि ‘पेंटेड द व्हाइट वॉल’ व ‘पेंटेड द वॉल व्हाइट’ हा फरकही त्यावरून लगेच समजावता येतो. वर्गात विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या व्याख्या पुन्हा पुन्हा घोकून घेण्यापेक्षा अशा जोड्या शेजारी ठेवणे अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

घोषवाक्याची मर्यादा

‘थिंक डिफरंट’ व्याकरणात बसते, याचा अर्थ ‘डिफरंट’ कुठेही ‘डिफरंटली’ची जागा घेऊ शकते असा होत नाही. ‘थिंक बिग’च्या कुटुंबातील रचना आज्ञार्थात सर्वाधिक खुलतात; कर्ता अध्याहृत, कर्म लुप्त, उरतात ते एक क्रियापद आणि एक विशेषण. विधानार्थी वाक्यात ‘शी थिंक्स बिग’ चालते, कारण ‘बिग’ला पर्याय नाही. ‘दे थिंक डिफरंट’ हे बोलण्यात ऐकू येते, पण औपचारिक लेखनात ते प्रमाण मानले जात नाही, कारण तेथे ‘डिफरंटली’ हा पर्याय हजर असतो आणि बहुतेक वेळा सांगायचे असते तेही विचारांच्या रीतीबद्दलच. दोन भावांची कर्जाबद्दलची मते जुळत नसतील, तर ‘द टू ब्रदर्स थिंक डिफरंटली अबाउट द लोन’ असेच लिहावे लागेल. एकाने काही वेगळे मनात आणले असे तेथे सांगायचे नसून दोघांच्या विचारांची तुलना करायची असते.

तेव्हा ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा वेगळा विचार करतो’ याचे इंग्रजी करताना ‘माय ब्रदर थिंक्स डिफरंट फ्रॉम मी’ असे लिहून कोणी जाहिरातीचा दाखला देऊ लागला, तरी उत्तरपत्रिकेत ते दुरुस्तच करायला हवे. दुरुस्ती दोन प्रकारे होते. क्रियापद ठेवायचे असेल तर ‘माय ब्रदर थिंक्स डिफरंटली फ्रॉम मी’. आणि मराठी वाक्यातील ‘वेगळा’ हे विशेषण विशेषण म्हणूनच राखायचे असेल तर ‘विचार’ या नामालाही इंग्रजीत जागा देऊन ‘माय ब्रदर्स थिंकिंग इज डिफरंट फ्रॉम माइन’, जेथे ‘इज’ या जोडणाऱ्या क्रियापदापुढे ‘डिफरंट’ आपोआप योग्य ठरते.